पुसल्या गेलेल्या कोष्टकांचा शोध

हस्तलिखितांच्या संग्रहाची यादी पूर्वीं बांधीव वहींत असे. वही नाहींशी झाली तर ती चोरीस गेली, जळाली किंवा वाळवीनें खाल्ली, असें कांहीं तरी कारण देतां येई. आणि कारण सांगतां आलें म्हणजे शोध कोठें करावयाचा तेंहि ठरे. आतां मोठ्या संग्रहांच्या, आणि कित्येक खासगी संग्रहांच्याहि, याद्या संगणकावरील डेटाबेसांत असतात. आणि तेथें एका ओळीच्या हुकुमानें दहा वर्षांचें काम निमिषार्धांत नाहींसें होतें. हुकूम देणारा बहुधा घरचाच मनुष्य असतो, त्याचा हेतु वाईट नसतो, आणि मागें राख किंवा वाळवीची माती असें कांहींच दिसत नाहीं. असें झाल्यावर वस्तुतः काय उरलेलें असतें, तें कोठें असतें आणि कोणत्या क्रमानें शोधावें, हें पोथ्या व दप्तरें हाताळणाऱ्या मंडळींस उमजेल अशा रीतीनें सांगण्याचा आमचा येथें विचार आहे.

यादी गेली तरी पोथ्या कपाटांत आहेतच, मग एवढी हळहळ कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं यादी कित्येकदां पोथीपेक्षां अधिक दिवस टिकते. थिओडोर ऑफ्रेख्ट यांनीं १८९१, १८९६ व १९०३ या सालीं तीन भागांत छापलेली संस्कृत ग्रंथांची महासूची अभ्यासक अद्याप उघडतात, तें तींत नमूद झालेली प्रत्येक पोथी जागच्या जागीं आहे म्हणून नव्हे. घराण्यांतील संग्रह वाटण्यांत फुटतो, कागद ठिसूळ होऊन शेवटचें पत्र गळतें, आणि त्या पत्रावरील लेखनकाल व लेखकाचें नांव पन्नास वर्षांपूर्वीं कोणी टिपून ठेवलें असेल तेवढाच त्याचा पुरावा राहतो. दुसरें असें कीं हल्लींच्या यादींत नुसती नांवें नसतात. पोथीच्या पानांचीं छायाचित्रें एका जागीं, वर्णन दुसऱ्या जागीं, आणि कोणतें छायाचित्र कोणत्या पोथीचें हें सांगणारें कोष्टक तिसऱ्या जागीं, अशी व्यवस्था असते. हें तिसरें कोष्टक गेलें तर लाखभर छायाचित्रें शाबूत असूनहि तीं बेवारस होतात; एखाद्या दप्तराचे सर्व रुमाल सोडून कागद अंगणांत पसरावे, तशी गत होते.

प्रथम शब्दांविषयीं. ज्यास संगणकवाले टेबल म्हणतात त्यास आम्ही कोष्टक म्हणतों. माहिती आडव्या ओळी व उभे स्तंभ यांच्या कोष्टकांत ठेवावी आणि एका कोष्टकाचा दुसऱ्याशीं संबंध त्यांतील सामाईक मूल्यांनींच जोडावा, ही कल्पना एडगर कॉड यांनीं आयबीएम कंपनींत असतां १९७० सालीं निबंधरूपानें मांडली. त्या कोष्टकांशीं बोलण्याच्या भाषेचें, म्हणजे एसक्यूएलचें, मूळ रूप त्याच कंपनींतील डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं प्रसिद्ध केलें. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस्क्यूएल, ओरॅकल, एसक्यूलाइट हे आज प्रचारांत असलेले डेटाबेस याच घराण्यांतले.

आपल्या जुन्या हिशेबपद्धतीशीं ताडून पाहिलें म्हणजे यांची आंतील रचना चटकन ध्यानांत येते. व्यवहार घडेल तसा कीर्दींत टिपावयाचा आणि मग तो ज्या त्या खात्यावर खतावणींत न्यावयाचा, ही आपली रीत. डेटाबेसहि तेंच करतो. कोणताहि बदल तो प्रथम एका क्रमवार टिपणांत लिहितो आणि सवडीनें कोष्टकाच्या पानावर नेतो. टिपण ही कीर्द, कोष्टक ही खतावणी. खतावणी नष्ट झाली आणि जुनी एखादी खतावणीची नक्कल व तेव्हांपासूनची कीर्द हातीं असली तर नवी खतावणी अचूक उभी करतां येते. काम कंटाळवाणें आहे, पण त्यांत अंदाजाचा भाग नाहीं. मात्र ही कीर्द आपोआप कायम राहत नाहीं. जुनीं पानें पुसून त्यांवरच पुढचें लिहावें अशी तिची संवय असते. ती जपावयाची तर तशी तजवीज आधींच करावी लागते, आणि नेमकी तीच पुष्कळ ठिकाणीं केलेली नसते.

पुसण्याच्याहि तऱ्हा आहेत. डिलीट या हुकुमानें कोष्टकांतील ओळी जातात, कोष्टकाची चौकट राहते. ट्रंकेट यानें सर्व ओळी एकदम जातात. ड्रॉप यानें ओळींसह चौकटहि जाते. कोणत्या स्तंभांत काय होतें याचीहि नोंद उरत नाहीं. या तिसऱ्या प्रकारांत निरनिराळ्या डेटाबेसांचा स्वभाव फार भिन्न आहे. पोस्टग्रेस्क्यूएल किंवा एसक्यूलाइट यांत हुकूम देण्यापूर्वीं व्यवहार उघडला असेल आणि तो अद्याप पक्का केला नसेल, तर रोलबॅक म्हणतांच पुसलेलें कोष्टक परत येतें. मायएसक्यूएलमध्यें ही सवलत नाहीं. ड्रॉप म्हटलें कीं तो व्यवहार त्याच क्षणीं पक्का होतो, मग उघडा व्यवहार असो वा नसो. ओरॅकलमध्येंहि तो तत्काळ पक्का होतो, परंतु त्याच्या दहाव्या आवृत्तीपासून पुसलेलें कोष्टक एका अडगळीच्या खोलींत वेगळ्या नांवानें ठेवलें जातें व फ्लॅशबॅक या हुकुमानें तेथून परत आणतां येतें. जागा अपुरी पडूं लागली म्हणजे त्या खोलींतील सर्वांत जुनी अडगळ आधीं फेंकली जाते. ज्यास ही सोय आहे त्यानें प्रथम तेथें पाहावें. पुढची सर्व खटपट इतरांसाठीं.

पुसलें म्हणजे नाहींसें झालें असें नव्हे, हें हस्तलिखितांच्या अभ्यासकांस सांगावयास नको. आर्किमिडीजचे ग्रंथ असलेली चर्मपत्राची एक पोथी तेराव्या शतकांत खरवडून तिच्या पत्रांवर प्रार्थनाग्रंथ लिहिला गेला. १९०६ सालीं योहान हायबर्ग यांनीं कॉन्स्टँटिनोपल येथें ती पाहून खालचा पुसट मजकूर वाचला. आणि १९९८ सालच्या लिलांवानंतर ती बाल्टिमोर येथील वॉल्टर्स संग्रहालयांत आली तेव्हां निरनिराळ्या रंगांच्या प्रकाशांत छायाचित्रें घेऊन तिचा आणखी भाग वाचण्यांत आला. डिस्कवरहि पुसणें म्हणजे बहुधा खरवडणें नसतेंच. अनुक्रमणिकेंतून नांव काढून टाकणें व ती जागा मोकळी असल्याचें जाहीर करणें, इतकेंच घडतें. पण एक मोठा फरक आहे, आणि उपायांचा सर्व क्रम त्यावर अवलंबून आहे. चर्मपत्रावर वरून दुसरें लिहिलें तरी खालचें कांहीं उरतें. डिस्कवर त्याच जागीं दुसरें लिहिलें गेलें म्हणजे खालचें संपलें. त्यावर कोणताहि प्रकाश चालत नाहीं. चिपांच्या नव्या डिस्कांत, ज्यांस एसएसडी म्हणतात, आणखी एक अडचण आहे. मोकळ्या झालेल्या जागेची वर्दी संगणक डिस्कला देतो, त्यास ट्रिम म्हणतात. ती पोंचली म्हणजे डिस्क आपण होऊनच ती जागा साफ करते, आणि मग वाचावयास गेलें असतां शून्यांखेरीज बहुधा कांहीं मिळत नाहीं.

म्हणून पहिलें काम एकच: लिहिणें थांबविणें. येथें मात्र एक भेद लक्षांत ठेवावा, कारण त्यांत घाई घातक होते. डेटाबेस चालूं असतां कोणी त्याच्या फाइली परभारें पुसल्या असतील, तर लिनक्स यंत्रावर त्या फाइली डेटाबेसानें उघडलेल्या असेपर्यंत खऱ्या अर्थानें मेलेल्या नसतात. नांव गेलेलें असतें, मजकूर असतो, आणि प्रोक नांवाच्या फोल्डरांत त्या प्रक्रियेच्या उघड्या फाइलींची जी यादी असते तींतून त्या जशाच्या तशा उतरवून घेतां येतात. अशा वेळीं नवीन नोंदी बंद कराव्या, पण डेटाबेस बंद करूं नये. तो बंद केला कीं शेवटचा धागा तुटतो. उलट ड्रॉप हुकुमानें कोष्टक गेलें असेल तर डेटाबेसानेंच ती फाइल सोडून दिलेली असते; तेथें तो चालूं ठेवून लाभ नाहीं, हानि मात्र आहे, कारण तो स्वतःच मोकळ्या जागेवर लिहीत सुटतो. तो बंद करावा, डिस्क केवळ वाचनापुरती जोडावी, आणि तिची अथपासून इतिपर्यंत नक्कल दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्यावी. डीडी नांवाचें साधें साधन यास पुरतें. पुढील सर्व प्रयोग या नकलेवर करावे. अस्सल कागदावर शाईनें खुणा करणारा संशोधक जसा कोणत्याहि दप्तरखान्यांत उभा करूं नये, तसाच अस्सल डिस्कवर साधनें चालवून पाहणारा मनुष्यहि.

यानंतर राखीव नकलेचा, म्हणजे बॅकअपचा, विचार. ज्याच्यापाशीं चांगली नक्कल व सलग कीर्द आहे त्याला डिस्क खणण्याचें कारण नाहीं. मायएसक्यूएलमध्यें या कीर्दीस बायनरी लॉग म्हणतात, ८.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, ती कांहीं न सांगतां चालूं असते व ठरीव रीतीनें तीस दिवस ठेवली जाते. काम असें होतें. शेवटची नक्कल दुसऱ्याच यंत्रावर उतरवावयाची. नक्कल घेतांना कीर्द कोणत्या स्थानापर्यंत आली होती हें त्या नकलेच्या आरंभीं लिहिलेलें असतें, निदान तसें लिहविलेलें असावें. त्या स्थानापासून कीर्द वाचीत जावयाची, ड्रॉपचा हुकूम ज्या स्थानीं आहे त्याच्या लगेच अलीकडे थांबावयाचें, तो एक हुकूम गाळावयाचा आणि पलीकडून पुन्हां चालूं करावयाचें. पोस्टग्रेस्क्यूएलमध्यें मूळ नक्कल व जपून ठेवलेली कीर्द यांवरून अमुक वेळेपर्यंत किंवा अमुक व्यवहारापर्यंतच उभारणी कर असें सांगतां येतें. वेळेपेक्षां स्थान किंवा व्यवहाराचा क्रमांक धरून थांबणें श्रेयस्कर, कारण एका सेकंदांत शेंकडों नोंदी होतात आणि घड्याळावर विसंबलें तर कांहीं जास्त जातात किंवा तो घातक हुकूमच पुन्हां आंत येतो. अशा रीतीनें दुसऱ्या यंत्रावर सिद्ध झालेलें एकटें कोष्टक मग चालत्या डेटाबेसांत आणावें. सबंध डेटाबेसच मागें नेण्याचा मोह होतो. पण तसें केल्यास दरम्यान इतर कोष्टकांत झालेलें लोकांचें काम बुडतें.

दुसऱ्या यंत्रावर क्षणोक्षणीं उमटणारी प्रतिकृति ही राखीव नक्कल होय, असा समज रूढ आहे. तो चुकीचा आहे. येथें पुसलें कीं दोन सेकंदांत तेथेंहि पुसतें. प्रतिकृतीस मुद्दाम कांहीं तास मागें चालावयास लावलें तर मात्र ती उपयोगीं पडते, मायएसक्यूएलमध्यें ५.६ आवृत्तीपासून व पोस्टग्रेस्क्यूएलमध्यें ९.४ पासून ही सोय आहे, आणि ती फार थोडे लोक वापरतात.

राखीव नकलांवर किती विश्वास टाकावा याचें एक उदाहरण सर्वांस खुलें आहे, तें थोड्या विस्तारानें देतों. गिटलॅब ही संगणक-कार्यक्रमांची लिखितें सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं तिच्या मुख्य डेटाबेसावर भार वाढला आणि प्रतिकृति मागें पडली. ती नव्यानें उभी करण्यासाठीं तिच्या यंत्रावरील जुनें फोल्डर रिकामें करावें, म्हणून एका अभियंत्यानें पुसण्याचा हुकूम दिला. पण तो ज्या खिडकींत दिला ती मुख्य यंत्राची होती. एकदोन सेकंदांत त्याच्या तें ध्यानांत आलें व त्यानें हुकूम थांबविला, तोंवर सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं ४.५ गिगाबाइट उरले होते. मग नकला पाहूं लागले. रोज घेतली जाणारी नक्कल जेथें ठेवावयाची तें भांडार रिकामें निघालें: नक्कल घेणारें साधन ९.२ आवृत्तीचें व डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, यामुळें तें दररोज मुकाट्यानें अपयशी होत होतें. आणि अपयशाची वर्दी देणारीं पत्रें, पाठविणाराची ओळख न पटल्यामुळें, पोंचण्यापूर्वींच नाकारलीं जात होतीं. डिस्कांचें चित्र घेण्याची सोय डेटाबेसाच्या यंत्रांसाठीं चालूंच केलेली नव्हती. अखेर उपयोगीं पडलें तें, सुमारें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच कामासाठीं हातानें घेतलेलें, एक चित्र. तेंहि मंद डिस्कांवर असल्यामुळें मूळ जागीं आणण्यास अठरा तासांच्या आसपास लागले. दरम्यानच्या सहा तासांतील सुमारें ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० अभिप्राय व ७०० नवीं खातीं यांवर पाणी सोडावें लागलें.

या प्रकरणीं त्या कंपनीची एक गोष्ट वाखाणण्यासारखी. तिनें कांहीं झांकून ठेवलें नाहीं. काम चालूं असतां टिपणें लोकांपुढें ठेवलीं व पुढें सविस्तर वृत्तांतहि प्रसिद्ध केला. आपल्याकडील संस्थांत कागद गहाळ झाल्याचा असा वृत्तांत छापण्याची चाल पडेल तर पुढील संशोधकांचे पुष्कळ श्रम वांचतील. त्या वृत्तांताचा आमच्या वाचकांस लागू पडणारा भाग एवढाच कीं पांच प्रकारच्या नकला कागदोपत्रीं असूनहि कोणी त्या उघडून पाहिल्या नव्हत्या. नक्कल घेतली असें म्हणण्याचा अधिकार ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून, ओळी मोजून पाहणारासच आहे.

आतां नक्कल नाहीं, कीर्द नाहीं, अशा निराधार स्थितीकडे वळूं. येथून पुढचें काम आमच्या मंडळींस आश्चर्यकारक रीतीनें ओळखीचें वाटेल. एकाच रुमालांत चार पोथ्यांचीं सुटीं पत्रें मिसळलेलीं हातीं आलीं म्हणजे आपण काय करतों? समासांत ग्रंथनामाचीं आद्याक्षरें व पत्रांक असतात ते पाहतों, अक्षराचें वळण पाहतों, एका पत्राचें शेवटचें वाक्य दुसऱ्याच्या आरंभाशीं जुळतें कीं काय तें पाहतों. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या पद्धतींत कोष्टक असेंच पत्रांवर लिहिलेलें असतें. ठरीव मापाचें एक पत्र १६,३८४ बाइटांचें. प्रत्येकाच्या माथ्यावर त्याचा स्वतःचा क्रमांक, मागील पत्राचा क्रमांक, पुढील पत्राचा क्रमांक आणि तें कोणत्या सूचीचें पत्र आहे त्या सूचीचा क्रमांक असतो. शिवाय एक पडताळ्याचा आंकडाहि, ज्यावरून पत्र अखंड आहे कीं मध्यें खराब झालें आहे हें समजतें. आणि मौज अशी कीं ओळी ठेवणाऱ्या प्रत्येक पत्राच्या आरंभीं, ठरलेल्या जागीं, इन्फिमम व सुप्रीमम हे दोन लॅटिन शब्द अक्षरशः लिहिलेले असतात. श्रीगणेशाय नमः पाहून जसें ग्रंथारंभाचें पत्र ओळखावें, तसे हे दोन शब्द हुडकीत सबंध डिस्क आरंभापासून शेवटपर्यंत चाळावयाची. यासाठीं साधनें तयार आहेत. अनड्रॉप फॉर इनोडीबी हें त्यांतील प्रसिद्ध. डिस्कच्या नकलेंतून तें अशीं पत्रें उचलतें व सूचीच्या क्रमांकावार गठ्ठे बांधून देतें.

गठ्ठे हातीं आले म्हणजे आपला गठ्ठा कोणता, हा प्रश्न. सबंध ओळ केवळ मुख्य सूचीच्या पत्रांवर असते. इतर सूचींत तिचे तुकडे. कोणत्या कोष्टकाची मुख्य सूची कितव्या क्रमांकाची, ही नोंद डेटाबेसाच्या आंतील कोशांत असते, आणि ड्रॉपनें ती नोंदहि पुसलेली असते. तेव्हां आधीं त्या कोशाचीं जुनीं पत्रें याच रीतीनें शोधावीं लागतात; ५.७ पर्यंतच्या आवृत्तींत तीं सामाईक फाइलींत असल्यामुळें पुष्कळदां सांपडतात. तीं न मिळालीं तर गठ्ठ्यांतून मजकुराचे नमुने वाचून, अमुक ग्रंथाचें नांव कोठें दिसतें तें पाहून, ओळखावें लागतें. यापुढें चौकटीचा प्रश्न. पत्रावर नुसते बाइट एकामागून एक असतात. स्तंभांचीं नांवें तेथें नसतात. शीर्षकाविना जमाखर्चाचा ताव मिळावा आणि कोणता आंकडा रुपयांचा, कोणता मणांचा, हें कळूं नये, तसें होतें. चौकटीचें वर्णन जुन्या नकलेंत, यादी दाखविणाऱ्या कार्यक्रमाच्या लिखितांत, किंवा ८.० पूर्वींच्या आवृत्तींत एफआरएम नांवाच्या फाइलींत मिळूं शकतें. यादी बनविणाराकडे हें वर्णन एका कागदावर छापून ठेवलेलें असेल तर त्याचे आठ दिवस वांचतात.

फार लांब मजकुराची स्थिति निराळी. पोथीची संबंध पुष्पिका किंवा प्रशस्ति उतरून ठेवली असेल तर ती ओळीबरोबर एका पत्रावर मावत नाहीं. ती वेगळ्या पत्रांवर जाते आणि मूळ जागीं २० बाइटांची एक निशाणी राहते. तें दूरचें पत्र दरम्यान दुसऱ्या कशानें तरी व्यापलें गेलें, तर क्रमांक, नांव, कर्ता, पत्रसंख्या हें सर्व परत येतें आणि नेमकी पुष्पिका येत नाहीं. आमच्या मतें या सर्व प्रकारांतील सर्वांत दुःखाची हानि हीच; नांव व पत्रसंख्या कपाट उघडून पुन्हां लिहितां येतात, गळून गेलेल्या पत्रावरील पुष्पिका येत नाहीं.

पोस्टग्रेस्क्यूएलमध्यें नुसत्या ओळी पुसल्या गेल्या असतील तर जरा बरें असतें. तेथें ओळ पुसणें म्हणजे अमुक व्यवहारानें ही रद्द केली असा शेरा मारणें. ओळ पत्रावर तशीच राहते. व्हॅक्यूम नांवाचा झाडूवाला येऊन जागा मोकळी करीपर्यंत ती वाचतां येते. हा झाडूवाला ठरीव रीतीनें, कोष्टकाच्या पांचव्या हिश्शाहून व वर पन्नास ओळींहून जास्त ओळी रद्द झाल्या म्हणजे, आपण होऊन येतो. त्यास प्रथम थोपवावें. एसक्यूलाइटमध्यें, जें लहान संग्राहकांच्या कामीं अधिक येतें, पुसलेल्या कोष्टकाचीं पत्रें मोकळ्या पत्रांच्या यादींत जातात व त्याच फाइलींत पडून राहतात; सुरक्षित पुसण्याची सेटिंग चालूं असेल तरच त्यांवर शून्यें लिहिलीं जातात. पुसल्यावर फाइल उगीच मोठी वाटते म्हणून व्हॅक्यूम करणारा मनुष्य तीं पत्रें जाळून टाकतो.

डिस्क खणून जें मिळतें तें मूळ कोष्टक नव्हे, हें मात्र विसरतां कामा नये. एकाच पोथीची नोंद तीन पत्रांवर तीन तऱ्हांनीं सांपडते: एकींत शक चुकीचा, दुसरींत दुरुस्त केलेला, तिसरींत लेखकाचें नांव वाढविलेलें. डेटाबेस पत्रें हलवीत असतो, जुनीं मोकळीं टाकीत असतो, त्यामुळें असे पाठभेद निघणारच. येथें ग्रंथसंपादनाची शिस्त कामास येते. इनोडीबीच्या प्रत्येक ओळींत, मुख्य सूचीच्या पत्रावर, ती शेवटीं ज्या व्यवहारानें लिहिली त्या व्यवहाराचा सहा बाइटांचा क्रमांक गुप्तपणें असतो. मोठा क्रमांक तो नंतरचा. यावरून पाठांचा कालक्रम बहुतांशीं निर्विवाद ठरतो, जें भाग्य पोथीच्या संपादकास क्वचित् लाभतें. तरीहि जुने पाठ फेंकूं नयेत, निराळ्या कोष्टकांत ठेवावे. दुसरी सावधगिरी अशी कीं खणतांना मुद्दाम पुसलेल्या ओळीहि वर येतात. एकदां दुबार म्हणून काढून टाकलेली नोंद पुन्हां यादींत शिरली, तर एका पोथीच्या दोन पोथ्या होतात, आणि पुढें कोणी तरी त्या दुसरीचा शोध करीत बसतो. म्हणून मिळालेल्या ओळी छापील दाखलनोंदीशीं, जुन्या छापील सूचीशीं आणि शक्य तेथें प्रत्यक्ष कपाटाशीं ताडूनच स्वीकाराव्या, व प्रत्येक ओळीसमोर ती कोठून आली याचा शेरा ठेवावा.

मोडीविषयीं एक स्वतंत्र सूचना करणें अवश्य आहे. देवनागरी अक्षरें युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतींत प्रत्येकी तीन बाइट घेतात. मोडी लिपीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें २०१४ सालीं, सातव्या आवृत्तींत, आणि तिच्या प्रत्येक अक्षरास चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्यें नुसतें यूटीएफएट असें नांव असलेला जुना अक्षरसंच तीनच बाइटांचा आहे. चार बाइटांसाठीं २०१० पासून यूटीएफएटएमबीफोर हा निराळा संच आहे. आतां कोष्टक या नव्या संचांत असलें आणि मोडी मजकूर त्यांत व्यवस्थित दिसत असला, तरी ५.७ व त्यापूर्वींच्या आवृत्तींतील नक्कल घेणारें साधन आपण होऊन जुना संचच वापरतें. त्यामुळें नकलेंत देवनागरी स्तंभ शुद्ध उतरतो आणि मोडीच्या प्रत्येक अक्षराच्या जागीं एकेक प्रश्नचिन्ह येतें. नक्कल यशस्वी झाली असेंच साधन सांगतें, ओळींची संख्याहि बरोबर भरते, आणि मूळ कोष्टक शाबूत असेपर्यंत हें कोणाच्या नजरेस येत नाहीं. ५.७ आवृत्तीचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. तीवर ज्यांच्या याद्या अद्याप चालत असतील त्यांनीं नक्कल घेतांना यूटीएफएटएमबीफोर हा अक्षरसंच स्पष्ट शब्दांत सांगावा, आणि आजवर घेतलेल्या नकलांपैकीं एक उघडून तींत मोडीच्या स्तंभांत काय उतरलें आहे तें मूळ कोष्टक हाताशीं आहे तोंवरच पाहून घ्यावें.